गाणं आधी की पोरगी आधी? सांगलीतल्या एका आर्टिस्टिक स्केटरच्या तीन सीझनचं प्रकरण

पार्श्वभूमी

नाव बदललंय, क्लब कुठला आणि वर्ष कुठलं तेही मुद्दाम लिहीत नाहीये, कारण सांगलीत आर्टिस्टिक स्केटिंगवाली घरं मोजकीच आहेत, लगेच ओळखतील. पोरीला आपण रेवा म्हणू. ती माझी भाची, भावाची मुलगी. मी विश्रामबागला कथकचा क्लास घेते, बरीच वर्षं झाली, आणि स्केटिंगमधलं मला तेव्हा काही कळत नव्हतं हे आधीच सांगते, कारण पुढे ज्या चुका येणार आहेत त्यातल्या निम्म्या माझ्या आहेत.

आपल्याकडे स्केटिंग म्हटलं की लोकांना शर्यतच आठवते. आर्टिस्टिक म्हणजे टीव्हीवर बर्फावरचं फिगर स्केटिंग बघतो ना, त्याचंच चाकांवरचं भावंड. चार चाकांचे बूट, पुढे रबरी टो स्टॉप, रिंकवर एकटीनं संगीतावर तीन-सव्वातीन मिनिटांचा प्रोग्रॅम. उड्यांची नावं पण तीच, टो लूप, सालकाव, फ्लिप, लुट्झ, ॲक्सल, आणि स्पिन पण सिट, कॅमल वगैरे. बर्फ कुठून आणणार आपण, देशात बर्फाच्या रिंक मोजक्याच, डेहराडूनची मोठी, गुडगावच्या एका मॉलमधली छोटी, शिमल्याला थंडीपुरता उघड्यावरचा बर्फ अशा, सांगलीच्या पोरीला चाकंच. आणि चाकांवर आपली माणसं पोचलीत, २०१० च्या ग्वांगझूच्या एशियन गेम्समध्ये अनुप कुमार यामानं सिंगल्समध्ये ब्राँझ घेतलं आणि अवनी पांचालबरोबर पेअर्समध्येही ब्राँझ घेतलं. रेवाचे सर ही गोष्ट प्रत्येक नवीन बॅचला पहिल्याच दिवशी सांगतात.

रेवा सात वर्षांची असताना उन्हाळी शिबिरात लागली आणि मग सुटलीच नाही. दादा मार्केट यार्डात हळदीच्या पेढीवर असतो, वहिनी शाळेत शिकवते, म्हणजे पैसा मोजूनमापूनच. सकाळी साडेपाचला दादा तिला गाडीवर रिंकवर सोडणार, तिथून पेढी, हे सहा वर्षं चाललं होतं.

तेरा वर्षांची असताना तिनं पहिला मोठा प्रोग्रॅम केला तो एका चालू हिंदी गाण्याच्या रिमिक्सवर. गाणं दादानं निवडलं, गणपतीत सगळीकडे वाजत होतं म्हणून. जिल्ह्याला टाळ्या शिट्ट्या सगळं झालं, पहिला नंबर. राज्याला गेलो तर उड्या सगळ्या उभ्या राहिल्या तरी नंबर बराच खाली. आम्ही सगळे चिडलो, परीक्षकांनी अन्याय केला वगैरे बोलून झालं. घरी येऊन सरांनी रिझल्ट शीट समोर ठेवलं तेव्हा पहिल्यांदा कळलं की मार्काचे दोन भाग असतात. एक टेक्निकल, म्हणजे कुठली उडी, कुठली स्पिन, किती चांगली. दुसरा कंपोनंट्सचा. रोलरच्या रोलआर्ट पद्धतीत त्यात चार गोष्टी बघतात, स्केटिंग स्किल, मधले जोड म्हणजे ट्रान्झिशन, परफॉर्मन्स आणि कोरिओग्राफी. (बर्फावर आधी पाच होत्या, २०२२-२३ पासून तीन केल्यात.) रेवाला टेक्निकलमध्ये बरे मार्क होते, कंपोनंट्सनी घात केला होता.

त्या रात्री मी तिचा व्हिडिओ आवाज बंद करून पाहिला. मग सहज म्हणून दुसऱ्या फोनवर एक भजन लावलं आणि परत पाहिला. काहीही फरक पडला नाही! भजनावर तेवढाच बसला जेवढा रिमिक्सवर बसला होता. प्रोग्रॅम त्या गाण्याचा नव्हताच, गाणं आपलं मागे वाजत होतं आणि पोरगी आपल्या उड्या मारून येत होती. ही म्यूटवाली टेस्ट मी अजून प्रत्येक मुलीला लावते.

दुसऱ्या वर्षी सर म्हणाले क्लासिकल घेऊ, आणि कारमेन, म्हणजे बिझेच्या ऑपेराचं संगीत, घेतलं. आता कारमेन हे स्केटिंगमधलं इतकं वापरून झालेलं संगीत आहे की विचारू नका. १९८८ च्या कॅलगरी ऑलिंपिकला तर पूर्व जर्मनीची काटारिना विट आणि अमेरिकेची डेबी थॉमस, दोघी कारमेनवरच उतरल्या होत्या, विटला सोनं आणि थॉमसला ब्राँझ मिळालं. पण त्या जगातल्या सगळ्यात वरच्या स्केटर, लोकांनी तुलना केली तरी त्यांना झेपणारी होती. आमच्या गटात त्या दिवशी रेवा धरून तिघी कारमेनवर होत्या आणि त्यात आमची तिसरी उतरली. दुसरं म्हणजे कारमेन कोण, तिचं काय झालं, हे रेवाला कुणी सांगितलंच नव्हतं. स्पर्धेच्या आदल्या रात्री लॉजवर तिनं मला विचारलं, "आत्या, ही बाई रागावलीये का खूश आहे?" मला नीट सांगता आलं नाही. नंबर साधारण तिथंच राहिला.

अडचण नेमकी काय होती

मग तिसऱ्या सीझनच्या आधी ती भसकन वाढली. एका वर्षात बूट दोनदा बदलले. उंची वाढली की उडीतला अक्ष बदलतो, हात-पाय लांब झालेले असतात, ते गोळा करायला वेळ लागतो, आणि जी डबल सालकाव, म्हणजे हवेत दोन गिरक्यांची उडी, ती झोपेतसुद्धा मारायची ती गेली. गेली म्हणजे दहात दोन. दहावी पण दोन वर्षांवर आलेली. वहिनीच्या मनात आता बंद करावं असं यायला लागलेलं, बोलायची नाही पण दिसायचं.

तर वरवर प्रश्न होता यावर्षी कुठलं म्युझिक घ्यायचं, आणि खरा प्रश्न होता की जिची हुकमाची उडी गेलीये अशी पोरगी आता कशावर उभी राहणार. सगळ्यांना मत होतं. सरांचं मत कारमेनच ठेवा, तयार आहे. दादाचं मत पब्लिकला आवडेल असं घ्या. माझं मत आपलं शास्त्रीय घ्या. तिला मात्र कुणीच विचारलं नाही, तिसऱ्या वर्षीसुद्धा.

समोर असलेले पर्याय

जुनाच प्रोग्रॅम ठेवायचा हा सगळ्यात स्वस्त पर्याय होता आणि वाटतो तेवढा वाईट पण नव्हता. पण त्या प्रोग्रॅमचा सगळा डोलारा डबल सालकाववर, म्युझिकमधला सगळ्यात मोठा ठोका तिथं येतो, आणि तिथंच ती पडणार असेल तर सगळ्या हॉलला दिसेल अशी ती पडणार.

परदेशातल्या कोरिओग्राफरकडून व्हिडिओ कॉलवर प्रोग्रॅम बसवून घ्यायचा हा दुसरा. मुंबई-पुण्यातली काही मुलं करतात. फी युरोत आली, दादानं ती रुपयात करून कागदावर लिहिली, खाली नवीन बूट आणि चाकांची किंमत लिहिली, दोन्ही आकड्यांकडे बघितलं आणि कागद घडी करून खिशात ठेवला. संपला विषय.

तिसरा हिंदी गाण्यांची मेडली. यावर दादाचा मुद्दा जोरदार होता, २०१० च्या व्हँकुव्हर ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या मेरिल डेव्हिस आणि चार्ली व्हाइट या जोडीनं आपल्या हिंदी सिनेमाच्या संगीतावर आइस डान्स केला आणि सिल्व्हर घेऊन गेले, मग आपलीच पोरगी आपल्या गाण्यावर का नको? बरोबर आहे. पण मी तो डान्स दहा वेळा पाहिलाय, त्यांनी गाणं उचललं एवढंच नाहीये ते, भारतीय नृत्य शिकवणाऱ्या बाईंकडून मान, मनगट, नजर शिकून घेतलंय, आणि त्या वर्षी त्या फेरीचा विषयच लोकनृत्य होता. शिवाय शब्दांची गोष्ट वेगळी असते. बर्फावर सिंगल्सला शब्द असलेलं गाणं चालायला लागलं ते २०१४-१५ च्या सीझनपासून, त्याच्या आधी मार्क कापायचे. आता चालतं, पण शब्द आले की बघणारा शब्दांचा अर्थ चेहऱ्यावर शोधायला लागतो, आणि चौदा वर्षांच्या पोरीनं उडीची तयारी करता करता विरहाचा चेहरा कुठून आणायचा.

आणि चौथा माझा लाडका, मिरजेची सतार. मिरज सतारीचं आणि तंबोऱ्याचं गाव, तिथल्या वाद्यांना २०२४ मध्ये जीआय टॅग पण मिळाला, आणि आपल्या घरापासून अर्ध्या तासावर. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलं होतं की बाकीचे पर्याय मी ऐकून घेत होते एवढंच.

पहिला प्रयत्न आणि तो का फसला

ओळखीतल्या एका वादकांनी प्रेमानं वाजवून दिलं. मागे तंबोरा, चाळीस सेकंद आलाप, मग थोडा जोड, मग द्रुत गत. घरी फोनवर ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

रिंकवर लावलं आणि अर्ध्या मिनिटात कळलं की काहीतरी चुकलंय. बर्फावर ब्लेडचा आवाज बारीक असतो. चाकांचा खरखराट होतो, आणि रिंकचे स्पीकर म्हणजे सभेला लावतात तसले कर्णे. तंबोरा फ्रीज चालू असल्यासारखा नुसता घुमत होता आणि आलाप रेवाच्या स्वतःच्या चाकांखाली गेला. तिला काहीच ऐकू येईना. त्यात आलापाला ठेका नाही, स्टेजवर मी आलापात उभी राहून नुसत्या डोळ्यांनी चाळीस सेकंद काढू शकते, हिला रिंकभर पळायचंय, पहिल्या उडीपाशी कधी पोचायचं हे मोजायचं कशावर? रोज वेगळ्या ठिकाणी उडी येत होती.

दुसरी चूक याहून मोठी. मी पायाचं काम कथकातून दिलं. तत्कार, छोटे तुकडे. चार दिवसांनी सर शांतपणे म्हणाले, "ताई, कथकात पाय वाजतो. इथं पाय रेघ ओढतो." तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. स्केटिंगमधली पावलं म्हणजे एज, बुटाच्या आतल्या किंवा बाहेरच्या बाजूवर कलून काढलेली वक्र रेघ, आणि परीक्षक बघतात ती रेघ किती खोल आहे, किती वेळ धरलीये, मधे वेग तुटतोय का. मी तिला जागच्या जागी पाय आपटायला लावून तिचा वेगच मारून टाकला होता. तीन आठवडे गेले यात.

इथं पहिला निर्णय आला. राज्य स्पर्धेला सात आठवडे. सर म्हणाले सतार सोडायची, आजच. मला खूप लागलं ते, मी दोन दिवस रिंकवर गेले नाही. आता वाटतं की ते दोन दिवस पण वाया घालवायला नको होते, पण ज्यांनी एवढं वाजवून दिलं त्यांना काय तोंड दाखवू हेच डोक्यात होतं. नंतर मिरजेला जाऊन त्यांना खरं काय ते सांगितलं तर ते म्हणाले, मोकळ्या जागेचं वाजवणं वेगळं, आधी बोलला असता तर तसं वाजवलं असतं. म्हणजे विचारायला हवं होतं, एवढंच होतं ते.

ढोल कुठून आला

तो चैत्रातला आठवडा. वहिनीच्या माहेरी जत भागात जत्रा होती म्हणून सगळे गेलो, रिंकवर वळवाचं पाणी साचलेलं, तसाही सराव बंदच होता. संध्याकाळी देवळापुढं धनगरी गजी नृत्य उभं राहिलं. ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी, मोठे ढोल, पितळी कैताळ म्हणजे मोठ्या झांजा, हातात रंगीत रुमाल घेऊन बाप्यांचा मोठा गोल. ठेका अगदी हळू सुरू होतो, पाय नुसते सरकतात, आणि मग चढत चढत जातो, शेवटी ढोलवाला स्वतःच गिरकी घेतो.

मी रेवाकडे बघितलं तर ती कडेला उभी, पायात साध्या चपला, आणि वजन या पायावरून त्या पायावर जातंय. कुणी सांगितलं नव्हतं. कैताळ वाजला की खांदा वळतोय. मग ती माझा हात ओढून म्हणाली, "आत्या, बघ ना, सगळे आत कलून फिरतायत. ते एजवर आहेत!" खरंच, अख्खा गोल आतल्या बाजूला झुकून फिरत होता, जसं ती रिंकच्या वळणावर झुकते तसंच. तीन वर्षांत पहिल्यांदा तिनं संगीताबद्दल स्वतःहून काहीतरी सांगितलं होतं.

सरांना तिथूनच फोन लावला, ढोल ऐकवला. पलीकडून थोडा वेळ काही नाही, मग, "चाकांच्या आवाजावर हा ऐकू येईल."

पथकाच्या म्होरक्याला सगळे तात्या म्हणत होते. त्यांना विचारलं. "पोरगी चाकावर नाचणार व्हय?" एवढंच म्हणाले, आणि मग तिला तिथंच मातीत दोन फेऱ्या पायानं करायला लावल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी, देवळाचे भोंगे लागायच्या आत, मागच्या माळावर त्यांनी आमच्यासाठी वेगळं वाजवलं. फोनवरच रेकॉर्ड केलं, एकदा जवळून, एकदा वीस पावलं लांबून. पथकाला मानधन दिलं आणि एका कागदावर लिहून घेतलं की हे वादन कुणाचं आणि आम्ही ते कशासाठी वापरणार. काही लोकांना हे जास्तीचं वाटेल, पण २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी अमेरिकेच्या एका जोडीवर आणि त्यांच्या फेडरेशनवर म्युझिक परवानगीशिवाय वापरलं म्हणून केस झाली होती. आणि कायद्याचं सोडा, ते वादन त्या माणसांचं आहे.

याच विचारात आणखी एक ठरवलं. व्हँकुव्हरलाच एका रशियन जोडीनं ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या नावावर नाच केला होता, त्यांच्यासारखा पोशाख करून, आणि तिथल्या आदिवासी लोकांना ते अजिबात आवडलं नव्हतं. म्हणून फेटा नाही, भंडारा फासायचा नाही, घोंगडं नाही. साधा गडद निळा ड्रेस, मनगटाला हळदी रंगाची बारीक पट्टी. रुमाल हवा होता तिला, पण हातात वस्तू चालत नाही आणि ड्रेसचा काही भाग रिंकवर पडला तर मार्क जातात, म्हणून तो पण नाही.

सात आठवड्यांत काय केलं

लॅपटॉपवर कट करायला बसलो आणि तिथं माझं आणि सरांचं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी कथकवाली, माझ्यासाठी सम म्हणजे जिथं पाय जमिनीला लागतो ती जागा. साहजिकच मी म्हटलं सालकावचं लँडिंग कैताळाच्या मोठ्या ठोक्यावर आलं पाहिजे. सर म्हणाले नाही, लँडिंग मोजायचंच नाही. सालकावच्या आधी एक थ्री टर्न असतो, पुढून मागे वळायचा, तो मोठ्या ठोक्यावर ठेवा. तो शांतपणे झाला की उडी आपोआप येते, लँडिंग जिथं पडेल तिथं पडू दे. लँडिंगला ठोक्याशी बांधलं की पोरगी हवेत असताना ठोक्याची वाट बघते आणि घाई करते. मला हे पटायला चार दिवस लागले. चौथ्या दिवशी दोन्ही पद्धतींनी दहा-दहा उड्या मारून घेतल्या आणि माझ्या डोळ्यांनी बघितलं, मग गप्प बसले.

उड्या कुठं ठेवायच्या यावर दादा अडून बसला होता. त्यानं कुठंतरी वाचलं होतं की उशिरा मारलेल्या उडीला जास्त मार्क. बर्फावर तसा नियम होता खरा, दुसऱ्या अर्ध्या भागातल्या उडीला दहा टक्के जास्त, आणि २०१८ च्या ऑलिंपिकला अलिना झागितोवानं फ्री स्केटमधल्या, म्हणजे लांब प्रोग्रॅममधल्या, सातही उड्या दुसऱ्या भागात ठेवल्या आणि सोनं नेलं. पुढच्याच सीझनला नियम बदलला, फ्रीमध्ये शेवटच्या तीनच उड्यांना तो फायदा ठेवला. पण बघा, त्या एका नियमामुळं प्रोग्रॅमचा आकारच कसा बदलला, पहिली दोन मिनिटं नुसती पावलं आणि स्पिन, आणि संगीत पण तसंच, शेवटाकडे चढणारं निवडायचं. आमच्याकडे तो प्रश्नच वेगळा होता. दोन मिनिटांनंतर रेवाची मांडी पेटायची, वाढलेलं शरीर, दम कमी. तिथं अवघड उडी म्हणजे पडणं.

आणि इथं ढोलानं मदत केली. सुरुवातीचा ठेका संथ आहे, म्हणजे लांब, सावकाश ॲप्रोच लागणाऱ्या उड्या तिथंच सुखानं बसतात. सालकाव आणि लुट्झ पहिल्या मिनिटात. मग ठेका चढतो तसे स्पिन, आणि शेवटी, जिथं सगळ्यांना वाटतं उडी येणार, तिथं मोठी स्टेप सीक्वेन्स, रिंकभर आत कलून फिरणारा तो गोल. दमलेले पाय असले तरी कलणं जमतं, कारण वेग ढोल देतो. तिहाई, म्हणजे एकच बोल तीनदा घेऊन समेवर येणं, लावायची मला फार हौस होती पण लावावी लागली नाही. तात्या थांबताना जे तीन जोर देऊन थांबले होते तेच ठेवले, तिसऱ्यावर रेवा थांबते, मान खाली.

पावसाचे दिवस मंगल कार्यालयात काढले. मालक ओळखीचे, लग्न नसेल त्या दिवशी सकाळी सहा ते आठ हॉल द्यायचे. गुळगुळीत फरशी, त्यामुळं सरांनी जास्त पकड धरणारी मऊ चाकं घातली, ती धरतात पण स्पिन जड होते. ढोल त्या हॉलमध्ये इतका घुमायचा की ठोका कुठला आणि पडसाद कुठला कळेना. म्हणून खालचा घुमारा कापून कैताळ वर आणलेली दुसरी फाइल केली, मोकळ्या रिंकला एक, बंद हॉलला एक, दोन्ही पेन ड्राइव्हवर. स्पर्धा बंद हॉलमध्ये निघाली. ती दुसरी फाइल नसती तर काय झालं असतं याचा मला अजून विचार करवत नाही.

दुसरा मोठा निर्णय पाच दिवस आधी. डबल सालकाव दहात चार. सिंगल केली तर सुरक्षित, पण टेक्निकलमध्ये मोठा फटका. डबल ठेवली तर बहुतेक पडणार. सर, दादा, मी, तिघं बोलत होतो आणि वहिनी एकदम म्हणाली, "तिला विचारा की." रेवा म्हणाली डबल मारणार, पण पडले तर उठायला वेळ द्या. आम्ही सालकावनंतरच्या आठ मात्रा रिकाम्या केल्या. तिथं होतं ते हाताचं काम काढून टाकलं, नुसतं सरळ मागे जाणं ठेवलं. उभी राहिली तर तेवढा वेळ लँडिंग धरेल, पडली तर त्यात उठेल. तीन सीझनमधला हा सगळ्यात चांगला कोरिओग्राफीचा निर्णय होता आणि तो वहिनीमुळं आणि रेवामुळं झाला.

निकाल

ती पडली. कुशीवर, चांगलीच. आणि सहाव्या मात्रेला उभी होती, आठव्या मात्रेला कैताळावर खांदा वळला. माझ्या शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलीच्या आईनं विचारलं, हे पडणं प्रोग्रॅममध्येच होतं का?

नंबर चौथा. मेडल नाही. पण शीटवर कंपोनंट्समध्ये ती गटात दुसरी होती, आणि कोरिओग्राफीच्या रकान्यातला आकडा आधीच्या दोन वर्षांच्या कितीतरी वर. टेक्निकलमध्ये पडण्याचे मार्क गेले आणि एका स्पिनची लेव्हल कमी दिली, ते बरोबरच होतं.

दादा गाडीत बराच वेळ बोलला नाही. चौथा म्हणजे त्याच्या हिशोबात काहीच नाही, सात आठवडे पेढीवर उशिरा गेलेला माणूस तो, मी त्याला दोष देत नाही.

पण पुढचं वळण त्याच शीटमुळं आलं. सरांनी ते समोर ठेवून सांगितलं की हिची ताकद उडीत राहिलेली नाही, एजमध्ये आणि संगीतात आहे, सोलो डान्सला टाकूया. आर्टिस्टिकमध्ये सोलो डान्स हा वेगळा प्रकार असतो, स्टाइल डान्स आणि फ्री डान्स अशा फेऱ्या, तिथं डबल उड्यांवर काही अवलंबून नाही, सगळं रेघेवर आणि तालावर. आधीच्या दोन वर्षांत हे कुणाच्या डोक्यात यायचं कारणच नव्हतं, कारण रिमिक्स आणि कारमेनमध्ये तिची ती बाजू कधी दिसलीच नव्हती. पुढच्या सीझनला ती सोलो डान्समध्ये राज्यातून निवडली गेली, नॅशनल्सला मधेच कुठेतरी नंबर आला, आणि दहावी करून पण खेळ सुटलेला नाही. डबल सालकाव मात्र परत आली नाही. एकदा रिंकवर लहान मुलीला ती उडी शिकवताना रेवा थोडा वेळ थांबली होती, ते मी बघितलं.

तात्यांना व्हिडिओ पाठवला. त्यांनी पथकातल्या सगळ्यांना दाखवला आणि निरोप पाठवला की तिसऱ्या फेरीत पोरगी ठेक्याच्या पुढं पळतीया. सरांनी तपासलं. खरंच पळत होती.

परत करायचं झालं तर

संगीत आधी तिथं वाजवून बघायचं जिथं ते वाजणार आहे, त्या स्पीकरवर, ती चाकांवर असताना. आमचे तीन आठवडे या एका गोष्टीत गेले. आता मी कुठलाही तुकडा घेतला की पहिल्याच दिवशी रिंकवर लावते आणि मुलीला विचारते ठोका ऐकू येतो का, आवडतो का ते नंतर.

ढोलाचा प्रोग्रॅम आम्ही एका वर्षात सोडून दिला, ही चूक झाली असं मला आता वाटतं. सोलो डान्सला गेल्यावर सगळं नवीन पाहिजे असं आम्हीच ठरवून टाकलं. फ्री डान्समध्ये तो बसला असता. जपानच्या युझुरू हान्यूनं त्याचा सेइमेई हा प्रोग्रॅम २०१५-१६ ला केला आणि दोन वर्षांनी परत काढून त्यावर २०१८ चं ऑलिंपिक सोनं घेतलं, जुनं आहे म्हणून काही अडलं नाही. एक प्रोग्रॅम अंगात मुरायला एक सीझन पुरत नाही हे कथकात मला चांगलं माहीत होतं, एकच तोडा मी वर्षानुवर्षं करतेय, आणि तरी इथं विसरले.

कारमेनच्या वर्षी निदान गोष्ट तरी सांगायला हवी होती तिला. परकं संगीत घेऊ नये असं माझं म्हणणं नाही, क्लबातली एक मुलगी वॉल्ट्झवर सुंदर करते, पण तिला ते का आवडतं हे ती सांगू शकते.

आणि निवडायची पद्धत बदललीये. आता सीझनच्या सुरुवातीला रेवा वीस मिनिटं कुठल्याही संगीताशिवाय नुसती फिरते, सर आणि मी कडेला बसून तिच्या पावलांचा स्वतःचा वेग मोजतो, सगळ्यात मोकळी ती कुठल्या लयीत दिसते ते लिहितो, आणि त्या लयीच्या आसपासचं संगीत ती शोधून आणते. आम्ही तिघं मत देऊ शकतो, पण शेवटचा शब्द तिचा. यावर्षीच्या फ्री डान्ससाठी तिनं तीन तुकडे आणलेत. त्यातला एक मला अजिबात आवडलेला नाही. तोच ठेवलाय, सोमवारपासून कट करायला बसतोय.